दोन छावण्या

२०१९ च्या मे महिन्यात म्हसवडच्या बाजूला चुलतभावाकडे गेलो, तेव्हा घराला कुलूप होते. दोन खिलार बैल, एक गाय आणि बायको यांना घेऊन तो दोन महिन्यांपासून चारा छावणीत मुक्कामाला होता. हिरव्या जाळीचे छप्पर, उसाच्या वाढ्यांचे भारे, टँकरच्या आवाजाकडे लागलेले कान आणि शेणामुताच्या वासातच मांडलेली तीन दगडांची चूल, असा तो संसार होता. मी बाजेवर टेकतो न टेकतो तोच त्याच्या मुलाचा फोन आला. पुतण्या फौजेत आहे आणि त्या वेळी त्याची नेमणूक लडाखमध्ये होती. भावाला कमी ऐकू येते म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे बोलणे मलाही ऐकू आले.

"आण्णा, कुठं हायसा?"

"छावणीत."

"मी बी छावणीतच की," असे म्हणून तिकडून तो हसला, इकडे भाऊ हसला आणि वहिनींनी मात्र पदर डोळ्यांना लावला.

सैन्याच्या तळाला आणि दुष्काळात जगवायच्या जनावरांच्या तळाला मराठीत एकच शब्द आहे, हे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. पण त्यातला अर्थ त्या दिवशी नव्याने जाणवला. साताऱ्यातील एका महाविद्यालयात मी जवळजवळ तीस वर्षे संरक्षणशास्त्र शिकवले. हवामानबदल आणि राष्ट्रीय सुरक्षा हा विषय शेवटच्या काही वर्षांत आमच्या वर्गात आला आणि निवृत्त सेनानींनी व धोरण अभ्यासकांनी या विषयावर दिलेला सल्ला मी बऱ्यापैकी आस्थेने वाचला. तो सल्ला मला बहुतांशी पटतो, तरीही तो वाचताना चारा छावणीतला तो फोन दर वेळी मध्ये येतो. तो का येतो, हे एकदा नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

या सल्ल्याची सुरुवात साधारणपणे एप्रिल २००७ पासून धरली जाते. अमेरिकेतील सीएनए या संशोधन संस्थेने अकरा निवृत्त जनरल आणि अ‍ॅडमिरल यांचे एक सल्लागार मंडळ नेमले होते. माजी लष्करप्रमुख जनरल गॉर्डन सलिव्हन हे त्याचे अध्यक्ष होते आणि पूर्वी पेंटागॉनमध्ये पर्यावरणविषयक कामाची धुरा सांभाळलेल्या शेरी गुडमन यांच्याकडे मंडळाच्या कामकाजाची सूत्रे होती. या मंडळाच्या अहवालात हवामानबदलाला 'संकटांचा गुणक' म्हटले गेले आणि तेव्हापासून हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. त्याच महिन्यात ब्रिटनच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत या विषयावर पहिली चर्चा झाली. पुढे २००९ मध्ये निरनिराळ्या देशांतील सेनाधिकाऱ्यांची एक जागतिक सल्लागार परिषद उभी राहिली, तर २०१९ मध्ये हेग येथे नेदरलँड्सचे माजी संरक्षणदलप्रमुख जनरल टॉम मिडेनडॉर्प यांच्या नेतृत्वाखाली आणखी एक आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. आपल्याकडे संरक्षण अध्ययन आणि विश्लेषण संस्थेत कर्नल पी. के. गौतम यांनी पर्यावरणीय सुरक्षेचा अभ्यास बरीच वर्षे चिकाटीने केला. पण तो विषय दिल्लीबाहेर फारसा झिरपला नाही.

या यादीतले बहुतेक जण निवृत्त आहेत, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. गणवेशात असताना न सुचलेले किंवा सुचूनही न बोललेले पुष्कळ काही निवृत्तीनंतर बोलता येते. आम्हा मास्तरांचेही तसेच असते, म्हणून मी त्यांना नावे ठेवत नाही. दुसरी एक शंका मात्र विद्यार्थी नेहमी विचारत आणि ती रास्त होती: नवा धोका दाखवला की नवी तरतूद मागता येते, तेव्हा सेनानींना हवामानाची चिंता खरोखरच आहे की अंदाजपत्रकाची? त्यातच सैन्यदलांचे स्वतःचे कार्बन उत्सर्जन मोजण्याबाबत हवामानविषयक क्योटो करारात मोठी सवलत दिली गेली होती आणि पॅरिस करारातही ते जाहीर करणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले आहे. ही गोष्ट सल्लागार मंडळींच्या अहवालांत असावी तितक्या ठळकपणे येत नाही, असे माझे मत आहे.

तरीही 'गुणक' हा शब्द मला आवडतो, कारण तो नेमका आहे. गुणाकाराला आधी एक संख्या लागते. जिथे भांडण शून्य आहे, कारभार सुरळीत आहे आणि लोकांचा एकमेकांवर विश्वास आहे, तिथे दुष्काळाने कितीही गुणले तरी दंगल होत नाही. जिथे आधीच पाच-सहा जुनी भांडणे आहेत, तिथे एक कोरडा पावसाळा त्यांचे काय करील ते सांगता येत नाही. वर्गात हे समजावताना मी सिरिया किंवा सुदानचे उदाहरण न घेता लातूरचे घेत असे. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांच्या आणि टँकर भरण्याच्या ठिकाणांच्या परिसरात जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला होता. पाण्यासाठी पोलीस बंदोबस्त ही कल्पना तोवर आम्ही परदेशी पुस्तकांतच वाचली होती. त्यानंतर एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन रेल्वे लातूरला निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी गेले आणि पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर पाणी नेऊ लागली. मिरज स्थानकाच्या आवारात त्या वाघिणी भरल्या जात असताना पाहायला गर्दी होत असे. त्या गर्दीत अभिमान होता, कुतूहल होते आणि "आपल्यालाच पुरेल का" अशी हलक्या आवाजातली कुरकुरही होती. गुणाकार कसा सुरू होतो हे शिकवायला ती कुरकुर मला पुरेशी होती.

त्याच २०१६ सालची आणखी एक घटना आमच्या तालुक्याला विसरता येणार नाही. ३ फेब्रुवारीला सियाचीनवर १९,६०० फूट उंचीवरच्या सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि मद्रास रेजिमेंटच्या तुकडीसह तिथे असलेले दहा जवान गाडले गेले. सहा दिवसांनी पंचवीस फूट बर्फाखालून लान्स नाईक हनुमंतप्पा जिवंत सापडले, तेव्हा सारा देश टीव्हीपुढे बसला होता. पण त्यांचेही पुढे दिल्लीत रुग्णालयात निधन झाले. त्या दहांमध्ये एक जवान माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा होता. पावसाअभावी ज्या मातीत काही उगवत नव्हते तिथला तरुण, गोठलेल्या पाण्याच्या डोंगराखाली गेला. या एका हिमस्खलनाचे खापर थेट हवामानबदलावर फोडता येणार नाही, कारण सियाचीनवर हिमकडे पूर्वीही कोसळत आले आहेत आणि तिथे गोळीपेक्षा हवामानानेच अधिक सैनिक घेतले आहेत. सीमेपलीकडेही तेच आहे. एप्रिल २०१२ मध्ये गयारी येथे पाकिस्तानचे १२९ सैनिक आणि ११ नागरिक बर्फाखाली गाडले गेले होते.

नेमक्या २०१६ मध्येच, मे महिन्यात, भारताचे एअर मार्शल ए. के. सिंग, पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल तारिक वसीम गाझी आणि बांगलादेशचे मेजर जनरल ए. एन. एम. मुनीरुझ्झमान या तीन निवृत्त अधिकाऱ्यांनी दक्षिण आशियातील हवामानबदल आणि सुरक्षा यांवर एकत्रितपणे एक अहवाल लिहिला. तो वर सांगितलेल्या जागतिक सल्लागार परिषदेतर्फे निघाला. एकमेकांकडे नकाशावरचे लक्ष्य म्हणून पाहण्यात ज्यांच्या संस्थांचे आयुष्य गेले, त्यांनी एका मुखपृष्ठाखाली नावे घालावीत आणि हिमनद्या, नद्या व समुद्र यांच्याबाबत शेजाऱ्यांनी सहकार्य करावे असे सुचवावे, याचे मला मोठे अप्रूप वाटले होते. मी तो अहवाल वर्गात नेला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हे तिघे नोकरीत असताना भेटले असते तर?" उत्तर देता आले नाही. आज तर सिंधू पाणीवाटपाचा १९६० चा करार एप्रिल २०२५ पासून स्थगित आहे आणि ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला चीन महाकाय धरणाच्या कामाला लागला आहे, त्यामुळे त्या मुलाचा प्रश्न अधिकच अवघड झाला आहे.

सहकार्याची अडचण समजून घ्यायला आम्हा सातारा-सांगलीकरांना हिमालयात जाण्याची गरज नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी कोयनेतून, कृष्णेतून सांगलीला येते आणि पुढे कर्नाटकात अलमट्टीच्या जलाशयात जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. तेव्हापासून अलमट्टीच्या फुगवट्यामुळे सांगली बुडते की नाही, हा वाद आमच्याकडे चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत चालतो. पुराची कारणे तपासणाऱ्या, नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, उलट नदीपात्रातल्या आणि पूररेषेतल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. ते अनेकांना रुचले नाही आणि आजही रुचत नाही. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांच्या नेत्यांची बंगळुरूत बैठक होऊन धरणांतील साठ्याची व विसर्गाची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना देण्याचे ठरले. एकच राज्यघटना, एकच सर्वोच्च न्यायालय, एकच सैन्य, आणि तरीही दरवाजे किती उघडले हे एकमेकांना सांगण्यासाठी बैठक घ्यावी लागते. तीन सार्वभौम देशांची, त्यातही अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांची, गोष्ट त्यापुढे किती अवघड असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

त्या २०१९ च्या महापुरात मी मदतीचे सामान घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोबरोबर सांगलीकडे गेलो होतो. शहराच्या अलीकडेच रस्ता संपला होता. म्हणजे रस्ता होता, पण त्यावरून बोटी चालत होत्या. तिथे लष्कराच्या अभियंता तुकडीत एक ओळखीचा चेहरा दिसला. माझा जुना विद्यार्थी, मूळचा पलूस तालुक्यातला. लाइफ जॅकेट घातलेले, हातावर दोराने पडलेले वळ, डोळे तारवटलेले. त्याने चटकन वाकून नमस्कार केला आणि मी घरची विचारपूस केली तेव्हा नदीच्या दिशेने हात करून म्हणाला, "घर त्या बाजूला आहे सर. माळ्यावर बसलीत सगळी, असं काल कळलं. पण टास्क इकडे आहे." एवढे बोलून तो बोटीकडे वळला, कारण एका गच्चीवरून कोणीतरी म्हातारीला खाली उतरवत होते. त्याच सुमारास, ८ ऑगस्टला, त्याच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना घेऊन निघालेली बोट उलटून अनेकांचे जीव गेले. त्याचे घर वाचले हे मला आठवड्याने समजले. ते आठ दिवस तो इतरांना बाहेर काढत होता.

सल्लागारांच्या अहवालांत मला जी उणीव जाणवते, ती इथे आहे. तळ किती बुडतील, धावपट्ट्या किती उखडतील, बचावकार्यात सैन्य किती वेळा गुंतेल, याचा हिशेब त्यांनी चांगला मांडला आहे आणि तो खोटाही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकेल चक्रीवादळाने अमेरिकेच्या टिंडल हवाई तळाची धूळधाण केली. आपल्याकडे सप्टेंबर २०१४ च्या महापुरात श्रीनगरमधली बदामी बाग छावणी पाण्याखाली गेली आणि ज्यांनी इतरांना वाचवायचे, त्यांना आधी स्वतःला सावरावे लागले. पण या हिशेबात सैनिक म्हणजे एक संख्या असते. तो कुठल्या गावाहून आला, त्या गावात यंदा पाऊस पडला का, त्याच्या बापाने बैल विकले का, हे रकाने त्यात नाहीत. अमेरिकेच्या अहवालात नसतील तर एक वेळ समजते, पण आपल्याकडच्या लिखाणातही ते सहसा आढळत नाहीत.

आमच्या जिल्ह्यात हे रकाने सोडून चालत नाही. अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले होते. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. माण-खटावमध्ये तर फौज हा पिढीजात धंदाच आहे, आणि त्यामागे शौर्याच्या परंपरेइतकेच पर्जन्यमानही आहे हे आम्ही भाषणांत सांगत नाही, एवढेच. ज्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे आणि तिथे जुलै २०२१ मध्ये एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस कोसळला, त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वर्षभरात तेवढा पडला तरी गावात पेढे वाटतील. कोरडवाहू जमीन पोट भरीना म्हणून पोरगा भरतीला उतरतो. भरती झाला की त्याच्या पगारावर विहीर खोदली जाते. विहिरीला पाणी लागले नाही तर कर्ज राहते आणि ते फेडायला धाकटा भरतीला उतरतो. अशी साखळी मी डझनभर घरांत पाहिली आहे. २०२१ च्या त्या पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा त्या डोंगरकपारीतलेही कितीतरी तरुण घरापासून दूर कुठल्या ना कुठल्या छावणीत होते.

सैनिकाचे मनोबल हा संरक्षणशास्त्रातला जुना धडा आहे. रसद, निवास, रजा, टपाल यांचा मनोबलाशी संबंध आम्ही शिकवतो. मग घरच्या शिवारातले पाणी त्या यादीत का नसावे, असा माझा साधा प्रश्न आहे. पूर्वी पत्र पोहोचायला पंधरा दिवस लागत आणि तोवर पूर ओसरलेला असे. आता चौकीवर बसलेल्या मुलाला आपल्या घरात शिरणारे पाणी मोबाइलवर चालू चित्रात दिसते, आणि त्याच्या हातात मात्र रायफलशिवाय काही नसते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, तालुक्याला आपत्ती व्यवस्थापनाचे कागदही आहेत. या दोहोंची सांगड घालून, आपत्तीत नोकरीवरच्या जवानाच्या कुटुंबाची खबर घेऊन ती त्याच्या युनिटपर्यंत पोहोचवण्याचे काम कोणा एकाच्या अंगावर टाकणे फार खर्चाचे नाही. हे मी एका बैठकीत सुचवले होते. सूचना स्तुत्य आहे, असे इतिवृत्तात नोंदवले गेले.

भारताने हवामानबदलाचा विषय सुरक्षा परिषदेत नेण्यास विरोध केला आहे, याचीही नोंद इथे करायला हवी. १३ डिसेंबर २०२१ रोजी आयर्लंड आणि नायजर यांनी मांडलेल्या ठरावाच्या बाजूने बारा मते पडली, रशियाने नकाराधिकार वापरला, भारताने विरोधात मत दिले आणि चीन तटस्थ राहिला. हवामानाचा प्रश्न जिथे सर्व देशांना समान आवाज आहे त्या हवामान करारातच सोडवावा, ज्यांनी धूर केला त्यांनी वित्तपुरवठ्याची आश्वासने आधी पाळावीत, आणि मूठभर बलाढ्य देशांच्या हाती हा सुरक्षेचा विषय म्हणून देऊ नये, अशी आपली भूमिका होती. ती मला बरोबर वाटते. सुरक्षेचा शिक्का बसला की प्रश्नांची उत्तरे बंदोबस्तात शोधली जातात, हे लातूरच्या टाक्यांनी दाखवलेच आहे. परंतु बाहेर नको म्हटलेला विचार घरातही नको, असा त्याचा अर्थ होऊ नये. आपण राष्ट्रीय सुरक्षा धोरणाचा दस्तऐवज अजून प्रसिद्धच केलेला नाही, त्यामुळे त्यात पावसाला जागा आहे की नाही हे नागरिकाला वाचून पाहता येत नाही.

सेनानींकडून उसनी घ्यावी अशी एक गोष्ट मात्र जरूर आहे. रणांगणावर शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबलात तर काहीतरी वाईट घडल्याशिवाय राहत नाही, अशा अर्थाचे जनरल सलिव्हन बोलले होते. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची, सर्वांत वाईट शक्यता धरून तयारी करण्याची आणि ती शक्यता खरी ठरली नाही तरी तयारी वाया गेली असे न मानण्याची ही सवय आहे. आमच्याकडे सरकारी खात्यांत नेमकी हीच सवय नाही. पूर आला नाही तर बोटींवर खर्च का केला असे लेखापरीक्षक विचारतो, आणि पूर आला तर बोटी का नव्हत्या असे सगळेच विचारतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून निघून सांगलीला येईपर्यंत जे तास जातात, त्या तासांची तयारी गावानेच करायची असते. ज्या गावांत निवृत्त फौजी मोठ्या संख्येने आहेत, तिथे दोर, इंजिन आणि हुकूम या तिन्ही गोष्टी हाताळलेली माणसे पारावर बसून असतात. त्यांना कोणी विचारत नाही.

पुतण्याबद्दल लिहायचे राहिले. लडाखनंतर तो सिक्कीममध्ये गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटले, तीस्तेला लोंढा आला, चुंगथांगचे धरण वाहून गेले आणि लष्कराचे तेवीस जवान बेपत्ता झाल्याची बातमी आली. त्यांतला एक जिवंत सापडला. दोन दिवस पुतण्याचा फोन लागत नव्हता. त्या दोन दिवसांत भावाने रानात पाऊल टाकले नाही. ओसरीवर बसून तो फोन चार्जिंगला लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. तिसऱ्या दिवशी फोन आला. पोरगा दुसऱ्या खोऱ्यात होता, सुखरूप होता, तार आणि टॉवर तेवढे गेले होते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, मी पुन्हा गावी होतो. ज्या महिन्यात एरवी टँकरची वाट पाहायची, त्या महिन्यात सलग पाऊस लागला होता. ओढ्याने वाट सोडली, वस्तीत गुडघाभर पाणी आले, आणि आम्ही धान्याची पोती, गायीचे वासरू आणि वहिनींची शिलाई मशीन घेऊन माळवदावर चढलो. अंधार पडता पडता फोन वाजला.

"आण्णा, कुठं हायसा?"

"माळवदावर."

तिकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही.

"मे महिना हाय न्हवं, आण्णा?"

"व्हय," भाऊ म्हणाला आणि वासराच्या अंगावर पोते नीट करत राहिला.